‘मिस मला बेबीजमध्ये पाठवेल’: आयरिश नृत्याची ग्रेड परीक्षा आणि पोटदुखी

मुलगी वर्गात छान नाचते, पण परीक्षा जवळ आली की पोटात दुखायला लागतं. परीक्षेला बसवायचं, की हा विषयच बंद करायचा? पालकांचा हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. कधी तो पियानोच्या परीक्षेचा असतो, कधी गांधर्वच्या. या वेळी तो आयरिश नृत्याचा होता. डब्लिनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाची नऊ वर्षांची मुलगी. ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकीकत देत आहोत.

आईनं सुरुवातीलाच सगळं सांगून टाकलं. मुलगी साडेपाच वर्षांची असताना शाळेतल्या मैत्रिणींबरोबर नाचाच्या वर्गाला जायला लागली. तीन वर्षं आनंदानं गेली. मग पहिली ग्रेड परीक्षा दिली. लाइट जिग या नाचात उजव्या पायाची स्टेप झाली, डाव्या पायाची आठवेना. ती थांबली, रडली आणि हॉलमधून बाहेर आली. आता पुढच्या सत्राला सात आठवडे उरलेत आणि रविवारपासून पोट दुखतंय. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नाही. आईचं म्हणणं, एकदा पाऊल मागे घेतलं की सवय लागते. बाबांचं म्हणणं, नऊ वर्षांच्या पोरीला कशाला हवी परीक्षा. दोघांचंही मुलीवर प्रेम आहे, आणि घरात रोज रात्री यावरून वाद.

अशा वेळी आम्ही लगेच कुणाची बाजू घेत नाही. ‘द्यावी की न द्यावी’ हे ठरवण्याआधी मुलाला नेमकी कशाची भीती वाटते, ते शोधावं लागतं. ‘परीक्षेची भीती’ हे मोठ्यांनी दिलेलं नाव आहे. मुलाची भीती त्याहून बरीच नेमकी असते.

पालकांबरोबरच्या पहिल्या बैठकीत लक्षात आलं, की या घरात ‘ग्रेड’ या शब्दाचे तीन अर्थ नांदत होते आणि तिघांनाही ते ठाऊक नव्हतं.

आईचा अर्थ आपल्याकडचा. ती स्वतः कथक शिकली: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम. मध्यमा पूर्णच्या वर्षी बारावी आली आणि घुंगरू माळ्यावर गेले. तिच्या मनात ग्रेड म्हणजे विशारदकडे जाणारी शिडी, आणि शिडीवर मध्येच थांबलं की ते कायमचं. त्यात नाशिकची तिची बहीण फोनवर सांगायची, की आता दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. आईनं गृहीत धरलं, की आयर्लंडमध्येही पुढे कॉलेजच्या प्रवेशाला याचा उपयोग होईल. तसं नाही. तिथे प्रवेशाचे गुण, ज्यांना सगळे सीएओ पॉइंट्स म्हणतात, ते लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या विषयांवरून ठरतात. नृत्याच्या ग्रेडचा त्यात एकही पॉइंट धरला जात नाही. हे ऐकून ती जरा हिरमुसली. पण तिच्या डोक्यावरचं एक ओझं तिथेच उतरलं.

मुलीचा अर्थ फेशचा होता. फेश म्हणजे नृत्यस्पर्धा. आयर्लंडमध्ये फेशला बुन, तूस, म्यॉन आणि आर्ड अशा पायऱ्या असतात. सर्वात खालची बुन, आणि खालच्या पायऱ्यांवर एखाद्या नाचात जिंकलं की त्या नाचापुरतं वर जाता येतं. या पायऱ्यांनाही ग्रेडच म्हणतात. त्यामुळे वर्गातल्या मोठ्या मुली ‘मी कुठल्या ग्रेडला’ म्हणायच्या तेव्हा त्या फेशबद्दल बोलत असायच्या.

आणि तिसरी, खरी ग्रेड परीक्षा. अन कोमिशून ले रिंकी गेलाखा ही संस्था १९३० साली स्थापन झाली. आयरिश नृत्याचे शिक्षक आणि परीक्षक ती प्रमाणित करते आणि तिच्या बारा ग्रेड आहेत. ग्रेड घेणाऱ्या परीक्षकाची पात्रता वेगळी असते, तिला एसडीसीआरजी म्हणतात. सुरुवातीच्या ग्रेडमध्ये पंप्स, म्हणजे मऊ बूट घालून करायचे नाच असतात. पुढे हार्ड शूज, म्हणजे ठोके वाजवणारे कडक बूट येतात, मग ‘सेंट पॅट्रिक्स डे’ आणि ‘ब्लॅकबर्ड’सारखे पारंपरिक सेट, म्हणजे ठरलेल्या धुनेवरचे नाच. वरच्या ग्रेडला केलीचे समूहनाच आणि तोंडी प्रश्नही असतात. ज्याला पुढे टीसीआरजी, म्हणजे मान्यताप्राप्त शिक्षक व्हायचं आहे, त्याला बाराही ग्रेड लागतात. बाकीच्यांसाठी ही परीक्षा ऐच्छिक आहे. मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी होत नाही, अभ्यासक्रमात दिलेले नाच त्याला येतात का एवढंच पाहिलं जातं. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. आणि ग्रेड मिळाली किंवा हुकली, तरी फेशमधली पायरी जिथल्या तिथे राहते.

पालकांनी मुलाच्या वर्गातून त्या वर्षाचा अभ्यासक्रमाचा कागद मागून घ्यावा, असं आम्ही आग्रहानं सांगतो. एक पान असतं. कुठले नाच, प्रत्येकाच्या किती स्टेप, कुठल्या बुटात. या आईनं तो कधी पाहिलाच नव्हता, आणि न पाहिलेली परीक्षा मनात फार मोठी होते.

दुसऱ्या बैठकीत मुलगी एकटी आमच्याबरोबर होती. ‘भीती वाटते का’ असं आम्ही विचारलं नाही. कागदावर परीक्षेच्या हॉलचं चित्र काढायला सांगितलं. तिनं खोली काढली, मधोमध स्वतःला काढलं, समोर टेबल, टेबलामागे बाई, बाईंच्या हातात पेन. पेन बाईंच्या हाताहून मोठं होतं. मग कोपऱ्यात तिनं अगदी लहान मुलींची एक रांग काढली. ‘या कोण?’ म्हटल्यावर ती म्हणाली, ‘बेबीज. मी फेल झाले तर मिस मला बेबीजमध्ये पाठवेल. मग मला आणि माझ्या फ्रेंड्सना वेगळं व्हावं लागेल.’

पोटदुखीचं मूळ इथे होतं. मार्कांशी तिला देणंघेणं नव्हतं. मैत्रिणींची रांग सुटेल, ही भीती होती. आणि या मुलीसाठी ती रांग साधी नाही. तिच्या मैत्रिणींच्या आज्यांनी हा नाच केलेला आहे, त्यांच्या घरात जुने फोटो आहेत. तिच्या घरात असा फोटो नाही. रांगेतली जागा तिनं स्वतः मिळवलेली आहे, म्हणून ती जाईल याचं भय जास्त. परदेशात वाढणाऱ्या मुलांबद्दल बोलताना हे आम्ही कधीच हलक्यात घेत नाही. ‘काही नाही गं, घाबरू नकोस’ या वाक्यानं असं भय जात नाही, कारण ते वाक्य दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतं.

तिला खरं उत्तर देऊ शकेल अशी एकच व्यक्ती होती, तिची शिक्षिका. पुढच्या वर्गानंतर आई जवळ उभी राहिली आणि मुलीनं स्वतः विचारलं. शिक्षिकेला आश्चर्यच वाटलं. तिनं सांगितलं, की तिच्या वर्गातले गट वयावर आणि येणाऱ्या स्टेप्सवर ठरतात, ग्रेडवरून तिनं कुणाला कधी मागे पाठवलेलं नाही. त्याच वेळी आईनं आम्ही लिहून दिलेले तीन प्रश्नही विचारले: हॉलमध्ये एका वेळी किती मुलं असतील, संगीत वाजवणारा कलाकार असेल की रेकॉर्डिंग, आणि मूल मध्येच थांबलं तर काय होतं. उत्तरं अशी मिळाली: दोघी असतील, अकॉर्डियन वाजवणारा कलाकार असेल, आणि इतक्या लहान मुलांना बहुतेक परीक्षक पुन्हा सुरुवात करू देतात. त्या रात्री मुलगी पोट न धरता झोपली.

पण डाव्या पायाचा प्रश्न उरलाच होता. मन शांत झालं म्हणून स्टेप आठवत नाही. ती का विसरली, हे आम्ही शिक्षिकेबरोबर बसून समजून घेतलं. कारणं अगदी व्यवहारातली निघाली.

आयरिश नृत्यात एक स्टेप साधारण आठ बारची असते. बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखं छोटं माप. ती आधी उजव्या पायानं करायची, मग तीच आरशात पाहिल्यासारखी डाव्या पायानं. वर्गात नवी स्टेप शिकवताना उजवी बाजू फोडून फोडून सांगितली जाते, आणि वेळ संपत आला की डावी एक-दोनदा होते. घरीही मूल जे येतं तेच घोटतं. शिवाय वर्गात ओळीनं नाचताना डोळ्याच्या कोपऱ्यात शेजारीण दिसत असते आणि शिक्षिका ‘हॉप वन टू थ्री’ म्हणत असते. मुलाला वाटतं, आपल्याला येतंय. खरं तर अर्धी स्टेप शेजारणीकडून येत असते. रिकाम्या हॉलमध्ये ती आधाराची काठी अचानक निघून जाते. डाव्या बाजूनं सेव्हन्स घेताना, म्हणजे सात पावलं आडवं सरकताना, दिशा उलटते आणि ओळखीची खूण उरत नाही. मूल तिथेच अडकतं. याला हुशारी कमी पडणं म्हणत नाहीत. सराव एका बाजूला कललेला असतो, एवढंच.

दुसरं कारण संगीताचं. वर्गात आणि घरी तिनं एकाच रेकॉर्डिंगवर सराव केला होता. ती ठेका ऐकत नव्हती, ती धून ऐकत होती. परीक्षेत वादकानं त्याच ठेक्याची दुसरी धून वाजवली आणि तिची ओळखीची जागा आलीच नाही.

आईबाबांना आम्ही आठवड्यातून चार दिवस, पंधरा-पंधरा मिनिटं एवढाच सराव सांगितला. रोज तासभर नको. थकलेले पाय चुकीचं घोटतात.

पहिला आठवडा नाचायचंच नाही, फक्त ऐकायचं. बहुतेक जिग आणि रीलच्या धुनेत आठ बारचा एक भाग असतो, तो दोनदा वाजतो, मग दुसरा भाग येतो आणि तोही दोनदा. म्हणजे उजव्या पायाची स्टेप पहिल्या वेळी आणि डाव्या पायाची तोच भाग पुन्हा येतो तेव्हा. हे मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं. जमिनीवर पाठ टेकून झोपायचं, डोळे मिटायचे आणि दर आठ बारच्या सुरुवातीला बोट वर करायचं. वेगवेगळ्या पाच धुना, ठेका तोच. इथे आईला काम मिळालं, आणि ते तिला मनापासून आवडलं. जिगचा सहाचा ठेका तीन-तीनच्या दोन गटांत पडतो, म्हणजे दादरा जाणणारीला तो परका नाही. स्लिप जिगमध्ये तीन-तीनचे तीन गट, एकूण नऊ. आई टाळी देऊ लागली. पायांकडे पाहायचं नाही आणि चुका सांगायच्या नाहीत, एवढी एकच अट होती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात सरावाची सुरुवात डाव्या पायानं. डावा दोनदा, मग उजवा एकदा. खोलीत समोर दोन खुणा ठरवल्या, डावीकडे खिडकी आणि उजवीकडे दार, आणि सेव्हन्सला निघताना खुणेचं नाव मनात म्हणायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये शिरल्यावर पहिलं काम हेच: तिथल्या दोन खुणा शोधायच्या. मुलाला घाबरायला वेळ मिळण्याआधी हाताशी काम मिळतं.

चौथा आठवडा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि घरोघरी नेमका तोच गाळला जातो. चुकण्याचा सराव. गाणं चालू असताना आई मध्येच टाळी वाजवणार. मुलीनं थांबायचं, हात सरळ बाजूला, पाय मिटलेले, मान वर. संगीत ऐकत राहायचं आणि पुढचे आठ बार सुरू झाले की त्या जागेपासून नाचात शिरायचं. मागे जायचं नाही, सुटलेलं भरून काढायचं नाही. पहिल्या दिवशी ती तीनदा चिडली. चौथ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, ‘आई, आता मला नको असेल तिथेच थांबव.’ ज्या मुलाला परत शिरायचा रस्ता माहीत आहे, त्याच्यासाठी विसरणं म्हणजे शेवट नसतो.

पाचव्या आठवड्यात ते पेन. तिच्या चित्रातलं मोठं पेन आम्ही विसरलो नव्हतो. परीक्षक लिहायला लागले की आपलं चुकलं, असं तिला वाटायचं. म्हणून बाबा जेवणाच्या टेबलाशी कागद-पेन घेऊन बसले. चेहरा गंभीर, हसायचं नाही, ती नाचत असताना सारखं लिहायचं. नाच संपल्यावर कागद तिच्या हातात द्यायचा. पहिल्या दिवशी त्यावर वाणसामानाची यादी होती. पुढच्या खेपेला शेजारच्या मावशी, मग त्यांच्याच घरात, त्यांच्या लाकडी फरशीवर. जागा, माणूस आणि जमीन एकेक करून बदलायची, तिन्ही एकदम नको.

तिला आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. रीलची स्पर्धेतली गती मेट्रोनोमवर ११३ धरली, बारला दोन ठोके, सुरुवातीला थांबायचे आठ बार आणि दोन स्टेप दोन्ही पायांनी, तर सगळा नाच जेमतेम पाऊण मिनिटाचा होतो. तिनं घड्याळ लावून खात्री केली. सात आठवडे पोटात दुखायला लावणारी गोष्ट दात घासण्यापेक्षा लवकर संपते, हे तिनं स्वतः पाहिलं.

त्या दिवसासाठीच्या बारीक गोष्टीही लिहून दिल्या. जेवण दोन तास आधी, हलकं. पंप्सच्या नाड्या तळव्याखालून घेऊन घोट्याशी घट्ट बांधून टोकं आत खोचायची, सुटलेली नाडी हा फार नेहमीचा अपघात आहे. स्पर्धेचा महागडा पोशाख आणि विग लागत नाही, वर्गाचा साधा पोशाख आणि बांधलेले केस पुरतात. बाहेर थांबताना खुर्चीत बसून राहायचं नाही, दहा मिनिटं हलकं जॉगिंग करायचं आणि घोटे फिरवायचे, कारण गार पायांनी पहिली उडी जड पडते. सुरुवातीच्या आठ बारमध्ये चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. घाबरलं की खांदे कानांकडे जातात आणि मुठी आवळतात, आणि या नृत्यात वरचं शरीर स्थिर ठेवायचं असल्यामुळे ते लगेच दिसतं. श्वास लांब सोडला की खांदे आपोआप खाली येतात.

पालकांसाठी दोन पथ्यं होती. सरावाचे व्हिडिओ नाशिकला पाठवणं थांबवायचं, कारण दर रविवारी आजीकडून ‘ग्रेड झाली का?’ येत होतं. पोटदुखी रविवारपासून सुरू झाली होती, ती उगाच नाही. आजीचा त्यात दोष नाही, तिला कौतुक होतं. पण मुलीच्या कानात तो निकालाचा तगादा होता. आणि दुसरं, परीक्षेला बसायचं की नाही हे मुलीनं सहाव्या आठवड्याच्या शेवटी सांगायचं. ‘नाही’ म्हणाली तर त्या सत्राचं नाव मागे घ्यायचं आणि त्यावर नंतर घरात बोलायचं नाही.

ती ‘नाही’ म्हणाली.

आईला हे जड गेलं, आणि ते आम्ही तिला मोकळेपणानं बोलू दिलं. मध्यमा पूर्णची गोष्ट तेव्हा पुन्हा निघाली. या वेळी ती बराच वेळ रडली. पण तिनं शब्द पाळला. मुलगी वर्गाला जात राहिली, शिक्षिकेनं तिला आठ जणींच्या केली संघात घेतलं. समूहात नाचताना तिला एक गोष्ट कळली, की दुसरीचं चुकलं तरी आपण आपली मोजणी सोडायची नसते. त्या आठ जणींत मोजणीला सर्वात पक्की तीच निघाली.

पुढच्या सत्राला तिनं आपणहून नाव दिलं. लाइट जिगमध्ये उजव्याच पायाला एक जागा सुटली. ती थांबली, हात सरळ, पुढच्या आठ बारला आत शिरली. पास झाली. परीक्षकांच्या शेऱ्यात ताल चांगला असल्याचं आणि डावा पाय अजून बाहेर वळवायला हवा असल्याचं लिहिलं होतं.

अशा मार्गानं प्रत्येक मूल जाईलच असं नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडाली, उलट्या व्हायला लागल्या, शाळेलाही जायचं नाही म्हणू लागलं, तर सरावाचा तक्ता बाजूला ठेवून आधी जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना भेटावं. आम्ही मग त्यांच्याबरोबरीनं काम करतो.

गेल्या महिन्यात आईचा निरोप आला. मुलीला हार्ड शूज मिळालेत, ती स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर ट्रेबल्स, म्हणजे बुटांचे जलद ठोके घोटते आणि आता उजवी टाच दुखते म्हणते. पुढच्या ग्रेडचा फॉर्म भरायचा का? आम्ही कळवलं, की आधी टाच. आठ ते चौदा वर्षांच्या नाचणाऱ्या-धावणाऱ्या मुलांत टाचेच्या वाढीच्या जागी दुखणं येतं, आणि सिमेंटवर घातलेली टाइल अजिबात दबत नसल्यामुळे सगळा दणका टाचेवर येतो. फिजिओला दाखवा, तोवर उड्या बंद. घरी सराव करायचाच असेल तर लाकडी फळीखाली फोमचा थर घाला. फॉर्मबद्दल मुलीला विचारा. फिजिओची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे, आणि तोपर्यंत ती झोपून, डोळे मिटून हॉर्नपाइप या हार्ड शूजच्या नाचाची धून ऐकते आणि बोट वर करते.